जेट बोटीच्या शाफ्टचे सील : गळतीचे मूळ आणि दुरुस्ती

इंजिन बोटीच्या आत आणि बोटीला पुढे ढकलणारा भाग पाण्यात, अशी रचना असली की या दोहोंना जोडणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, बोटीच्या कवचातून पार न्यावाच लागतो, आणि त्या जागी पाणी अडवण्यासाठी जो भाग बसवतात त्याला सील म्हणतात. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागातील उथळ व गोट्यांनी भरलेल्या नद्यांत तळाखालचा पंखा टिकत नसल्यामुळे बिल हॅमिल्टन यांनी १९५४ पासून विकसित केलेल्या जेट बोटीत तळाच्या जाळीतून पाणी ओढले जाते, इंपेलर नावाचे पात्यांचे चक्र त्याचा दाब वाढवते आणि मागच्या तोटीतून त्याची जोरदार धार सुटते. एडमंड हिलरी यांनी १९७७ मध्ये गंगासागरापासून हिमालयाकडे नेलेल्या मोहिमेतील बोटीही याच जातीच्या होत्या.

या रचनेत शाफ्ट पाणी ओढणाऱ्या बोगद्याच्या भिंतीतून जातो, आणि म्हणूनच येथील सीलला दोन उलट दिशांनी राखण करावी लागते. बोट उभी असताना बाहेरचे पाणी आत झिरपू पाहते. परंतु बोट जागची हलताना इंपेलर जोराने पाणी खेचू लागला की बोगद्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो, आणि मग त्याच फटीतून बोटीतील हवा पाण्यात ओढली जाते. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर फिरत राहते पण पाणी येत नाही, तसेच येथे इंजिनाचे फेरे वाढतात आणि बोट मात्र वेग घेत नाही. अशा वेळी पुष्कळदा इंपेलरलाच दोष दिला जातो. सीलकडे लक्ष जाते ते फार उशिरा.

जुन्या बांधणीत ग्लँड पॅकिंग, म्हणजे चरबी, ग्रीस किंवा टेफ्लॉन मुरवलेली विणलेली दोरी, शाफ्टभोवती कड्यांच्या रूपात दाबून बसवलेली असते आणि तिच्यातून अधूनमधून थेंब पडणे आवश्यकच असते, कारण तेच पाणी दोरीला थंड ठेवते. नव्या बांधणीतील मेकॅनिकल सीलमध्ये एक कडे शाफ्टबरोबर फिरते, दुसरे स्थिर राहते, आणि कार्बन व सिरॅमिक यांसारख्या पदार्थांचे त्यांची गुळगुळीत पृष्ठे स्प्रिंगच्या दाबाने एकमेकांना भिडलेली असतात. याखेरीज बेअरिंगमधील ग्रीस राखण्यासाठी रबरी ओठाचे ऑइल सील असते. जेथे पाण्याचे सील आणि हे ऑइल सील यांच्या मध्ये निचऱ्याचे भोक ठेवलेले असते, तेथे त्या भोकाइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही : त्यातून पाणी आले तर पाण्याचे सील गेले, ग्रीस आले तर ग्रीसचे. ते गळती थांबवण्याच्या हेतूने बुजवणे ही घोडचूक होय, कारण अडलेले पाणी मग बेअरिंगमध्ये शिरते आणि ग्रीस दुधाळ होऊन बेअरिंग गंजते.

सील आपणहून क्वचितच बिघडते. वाळूचे कण त्याच्या पृष्ठांत शिरतात. बोट जमिनीवर असताना इंजिन चालवले तर पाण्याच्या पातळ थराअभावी पृष्ठे क्षणात तापून तडकतात. इंजिन व शाफ्ट एका रेषेत नसले किंवा गोटा लागून इंपेलरचे पाते वाकले असले तर शाफ्ट थरथरतो आणि नवे सीलही लवकर निकामी होते. त्यामुळे कारण न शोधता केवळ सील बदलणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय.

दुरुस्तीसाठी बोट पाण्याबाहेर काढून व बॅटरीची जोडणी सोडवून शाफ्ट मोकळा केल्यावर प्रथम त्यावरून नख फिरवून पाहावे. ऑइल सीलच्या ओठाने पाडलेली चर नखाला अडकत असेल तर नवा ओठही तेथे बसणार नाही. तेथे पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी किंवा जागा असल्यास सील किंचित पुढेमागे बसवावे. मेकॅनिकल सीलची दोन्ही कडी नेहमी जोडीनेच बदलावीत, कारण जुन्या कड्याची झीज नव्याला लगेच खाते. त्यांच्या पृष्ठांना बोट लावू नये, आणि रबरी भाग सरकवण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे. तेल वापरू नये, कारण काही रबरे खनिज तेलाने फुगतात. पॅकिंग बदलताना जुनी सर्व कडी काढावीत, नवी कडी तिरपी कापून एकेक करून बसवावीत आणि त्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत. पॅकिंग दाबून धरणारा ग्लँडचा नट प्रथम हातानेच आवळावा.

बोट पाण्यात उतरवल्यावर दोर सोडण्यापूर्वीच सीलची जागा पाहावी. थोडा वेळ चालवून इंजिन बंद केल्यावर ग्लँड हाताला चटका देत असेल तर नट सैल करावा, आणि धार लागली असेल तर तो थोडाथोडाच आवळावा. नवी दोरी पहिल्या काही तासांत दबत जात असल्यामुळे ही तपासणी पुन्हा करावी लागते.