पाहुण्यांसाठी रंगवलेलं घर

22 जुलै 2017 रोजी टूर द फ्रान्सचे सायकलपटू एकेक करून एका फुटबॉल मैदानातून बाहेर पडले, मार्सेय शहरात साडेबावीस किलोमीटरचा फेरा मारून पुन्हा त्याच मैदानात परतले. पिवळी जर्सी घातलेल्या ख्रिस फ्रूमचं स्वागत प्रेक्षकांनी शिट्ट्या आणि हुर्योने केलं. मैदानाचं नाव स्टाद व्हेलोद्रोम. व्हेलोद्रोम म्हणजे सायकल शर्यतीचा ट्रॅक. आणि सायकली आल्या त्या दिवशी आत ट्रॅकचा मागमूस नव्हता. तो जाऊन तीसेक वर्षं झाली होती. मुंबईच्या धोबीतलावात तलाव शोधावा, तसंच हे.

तलाव बुजतो तेव्हा निदान सगळ्यांची सोय होते. व्हेलोद्रोमच्या बाबतीत सोय कुणाची, हा प्रश्न नव्वद वर्षं रेंगाळतो आहे. लग्न निघालं की वर्षानुवर्षं गळणारी मोरी आठ दिवसांत दुरुस्त होते, हा अनुभव आपल्या घरोघरी असतो. हे स्टेडियम त्याच रीतीने बांधलं आणि दुरुस्त केलं गेलं. 1938 चा विश्वचषक, 1984 ची युरो, 1998 चा विश्वचषक, 2016 ची युरो. दर वेळी पाहुणे येणार म्हणून घराला हात लागला. रोज राहणारा ऑलिंपिक द मार्सेय हा क्लब मात्र पहिल्यापासून नगरपालिकेचा भाडेकरू.

आणि हा भाडेकरू नव्या घरात खुशीने आलाच नाही. त्याचं जुनं मैदान उव्होन नदीकाठी होतं, साधंसुधं. पण तिथल्या गॅलऱ्यांना समर्थकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले होते. नगरपालिकेने बुलवार मिशेलेवर 1935 मध्ये नव्या स्टेडियमची पायाभरणी केली. वास्तुरचनाकार होते आंरी प्लोकँ. 13 जून 1937 रोजी इटलीच्या तोरिनोविरुद्ध पहिला सामना झाला, मार्सेयने तो 2-1 असा जिंकला. तरी लोकांचं मन जुन्याच मैदानात. मधे सायकलींचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब दिसायचे, शिवी द्यायची तरी ती पोचायची नाही! 1960 च्या दशकात भाड्यावरून नगरपालिकेशी बिनसलं, तेव्हा क्लबचे अध्यक्ष मार्सेल लक्लेर सरळ संघ घेऊन काही काळ उव्होनला परत गेले. घरमालकाशी भांडून गावच्या घरी जाऊन बसावं, तसे.

ट्रॅक टप्प्याटप्प्याने आक्रसत गेला आणि 1980 च्या दशकाच्या मध्याला उरलासुरलाही गेला. जाताना एक शब्द मात्र ठेवून गेला. गोलपोस्टमागच्या दोन गॅलऱ्यांना इथे ‘विराज’ म्हणतात. विराज म्हणजे वळण. सायकली जिथे वळायच्या, ती टोकं. मार्सेयचे सगळ्यांत कडवे समर्थक या उत्तर आणि दक्षिण वळणांवरच असतात.

चारही बाजूंची नावं वाचण्यासारखी आहेत, कारण त्यांत फुटबॉलपटू एकही नाही. एक बाजू गुस्ताव गाने या मार्सेयच्या सायकलपटूची; तो 1926 मध्ये पॅरिसच्या ट्रॅकवर पडून गेला. समोरची बाजू झाँ बुआँची. हा धावपटू. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर शर्यतीत त्याचं सुवर्णपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकलं, आणि 29 सप्टेंबर 1914 रोजी तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच आठवड्यात त्याच्या गावच्या बंदरात हिंदुस्थानी फौजा उतरत होत्या. त्यांच्या राहुट्या पार्क बोरेलीत पडल्या, ते ठिकाण आजच्या स्टेडियमहून फार लांब नाही. आणि बुलवार मिशेले जिकडे जातो त्या माझार्गच्या युद्धस्मशानात त्यांच्यातले कितीतरी जण कायमचे राहिले. मराठी वाचकाला मार्सेय म्हटलं की 1910 मध्ये मोरिया बोटीतून सावरकरांनी मारलेली उडी आठवते. ते बरोबरच आहे. पण या शहरात आपली माणसं पुरलेलीही आहेत.

दक्षिण विराजला 1720 च्या प्लेगमध्ये प्रेतांचे ढीग हलवणाऱ्या शेव्हालिए रोझचं नाव आहे, आणि उत्तर विराजला पात्रिस द पेरेत्तीचं. हा ‘देपे’ ना खेळाडू ना प्रशिक्षक. उघड्या अंगाने मैदानाकडे पाठ करून हातातल्या भोंग्यावर हजारो लोकांना गायला लावणारा समर्थकांचा म्होरक्या. 2000 मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. सामना न बघता सामन्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाचं नाव गॅलरीला देणारं शहर मला फार आवडतं.

पाहुण्यांनी या घरात पाहण्यासारखं बरंच केलं, हेही खरं. 1938 च्या उपांत्य सामन्यात इटलीच्या मेआझ्झाने चड्डीचं इलॅस्टिक तुटलेलं असताना एका हाताने ती सावरत ब्राझीलविरुद्ध पेनल्टी मारली, असं सांगतात. 23 जून 1984 रोजी फ्रान्स-पोर्तुगाल उपांत्य सामना जादा वेळेत गेला. फ्रान्स 1-2 ने मागे असताना बचावपटू दोमेर्गने बरोबरी साधली. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता आणि सामन्यातला तो त्याचा दुसरा गोल. मग 119 व्या मिनिटाला तिगाना उजवीकडून घुसला, त्याच्या पासवर प्लातिनीने सामना संपवला. तिगाना मार्सेयमध्येच वाढलेला. म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत वाढपी घरचाच.

1998 ची दुरुस्ती मोठी होती. झाँ-पिएर ब्युफींच्या आराखड्याने स्टेडियम साठ हजार आसनांचं झालं, पण विराज आणि गानेच्या बाजूला छप्परच दिलं नाही. मार्सेयमध्ये मिस्त्राल नावाचा वारा वाहतो; ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येणारा, कोरडा, थंड आणि हट्टी. हे लहान मुलालाही ठाऊक असलेल्या गावात उघडी वाडगी बांधली! फ्रान्सचा त्या विश्वचषकातला पहिलाच सामना इथे दक्षिण आफ्रिकेशी झाला आणि त्याही रात्री वारा होताच. उन्हाळ्यातले पाहुणे परत गेले. जानेवारीत कुडकुडायला घरचे उरले. त्यांनी तिथेही ऊब शोधली म्हणा. त्याच ऑगस्टमध्ये माँपेलिएविरुद्ध मध्यंतराला 0-4 ने मागे असलेला त्यांचा संघ 5-4 ने जिंकला.

छप्पर यायला पुन्हा पाहुणेच लागले. 2016 ची युरो फ्रान्सला मिळाली आणि 2011 ते 2014 काम चाललं, तेही सामने चालू ठेवून. एक काळ प्रेक्षकसंख्या बेचाळीस हजारांवर आली होती. स्काऊ या वास्तुसंस्थेने झाँ बुआँची बाजू नव्याने उभी केली आणि सगळ्यावर लाटेसारखं पांढरं, उजेड झिरपू देणारं आवरण घातलं. आसनं झाली 67,394. खर्च सुमारे 27 कोटी युरो. खासगी कंपनीने बांधायचं आणि नगरपालिकेने वर्षानुवर्षं फेडायचं, असा करार. लेखापरीक्षकांनी या व्यवहारावर ताशेरे ओढले. पूर्वीच्या भाड्यावरही त्यांचे ताशेरे होतेच: क्लब वर्षाला पन्नास हजार युरोच देत होता. आपल्या पागडीच्या खोल्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. नव्या छपरानंतर भाडं लाखो युरोंत गेलं. 2016 पासून नावाआधी एका दूरसंचार कंपनीचं नावही लागलं, ते कागदावर आणि पाटीवर.

मला स्वतःला छपराइतकीच जमिनीखालची गोष्ट भावते. स्टेडियमलगत भूगर्भात शहराचं सांडपाणी शुद्ध करणारं प्रचंड केंद्र 1987 पासून चालू आहे. नव्या बांधणीत त्या सांडपाण्याची उष्णता स्टेडियम उबदार ठेवायला वापरली. मोरी दुरुस्त झाली ती अशी!

वारा आता बराचसा डोक्यावरून जातो. आवाज मात्र आतच कोंडतो आणि छपरावर आपटून दुप्पट होऊन खाली येतो. परके संघ गांगरतात. विराजमध्येही आता प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची आहे. पण सामना सुरू झाला की लोक उभेच राहतात, नव्वद मिनिटं, गात. नाव विराज असलं तरी तिथे विराजमान कुणी होत नाही.