वर्गातली सर्वांत उंच मुलगी

आमच्या ओळखीच्या एका घरात दुसरीतली मुलगी वर्षभरात भराभर वाढली. प्रार्थनेच्या रांगेत पार शेवटी गेली. आजीला कौतुक, "पोर अंगापिंडानं भरली." मग एकदा अंघोळ घालताना आईच्या ध्यानात आले, मुलीची छाती उठू लागली आहे. वय ७. आई लाजेने गप्प राहिली. सैल फ्रॉक तेवढे शिवून घेतले. आम्हाला कळले तेव्हा वर्ष उलटून गेले होते.

आयाबहिणींनो, ते वर्षच मोलाचे असते. वयात येण्याचा इशारा मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. इशारा मिळताच ती आपली संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, रक्तात सोडते. त्यामुळे मुलींचे बीजकोश आणि मुलांचे वृषण कामाला लागतात. मुलींत हे साधारण ८ ते १३, मुलांत ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान सुरू होते.

आणि इथेच मेख आहे. जी संप्रेरके उंची झपाट्याने वाढवतात, तीच हाडांच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा लवकर पिकवून बंद करतात. ती बंद झाली की कितीही दूध पाजा, उंची वाढत नाही. म्हणूनच ७ व्या वर्षी सर्वांत उंच असलेली मुलगी १६ व्या वर्षी मैत्रिणींत ठेंगणी दिसू शकते.

मुलीत ८ च्या आधी किंवा मुलात ९ च्या आधी अशी लक्षणे दिसली, तर सरकारी इस्पितळाच्या बालरोग विभागात जावे. डॉक्टर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात, रक्त तपासतात. पुष्कळ मुलींत काही आजार सापडत नाही. मुलांत मात्र मागे आजार असण्याची शक्यता जास्त, तेव्हा मिसरूड लवकर फुटली म्हणून बापाने मिशीला पीळ देऊ नये! गरज असेल त्यांना महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देतात. ते महाग असते, सर्वांना लागतही नाही. त्याने वयात येणे थोपते. योग्य वयात ते बंद केले की पाळी आपसूक येते.

शरीर थोराड दिसले तरी मन सात वर्षांचेच असते. ही मुलगी अजून भातुकली मांडते. "मोठी झालीस आता" म्हणून तिला घरात बसवू नये, शाळा तर मुळीच सोडवू नये. पाळी म्हणजे काय, हे आईने आधीच सांगून ठेवावे. नको तिथे कोणी हात लावला तर ओरडायचे, घरी येऊन सांगायचे, हेही.

त्या मुलीचे इंजेक्शन आता सुरू झाले आहे. दाराच्या चौकटीवर आई दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने तिच्या उंचीची खूण करते.