नाक खाली गेले ते वर येईना!

घरच्या घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींना पंख जोडण्यापेक्षा अधिक छळतो तो विमानाचा तोल. दांड्यावर जोर न लावता विमान सरळ उडणे म्हणजे ‘ट्रिम’. वाऱ्याच्या धक्क्याने हललेले नाक आपोआप मूळ जागी येणे म्हणजे स्थैर्य. यांतील दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थांच्या विमानाने दाखवून दिले.

मिन्ये यांचे ‘एचएम-१४’ सप्टेंबर १९३३ मध्ये उडाले. पुढच्याच वर्षी त्यांनी बांधणीची कृती सांगणारे पुस्तक काढले आणि फ्रान्स-ब्रिटनमधील हौशी कारागीर कामाला लागले. इंग्रजांनी या चिमुकल्या विमानाला ‘उडती पिसू’ म्हटले. त्याला नेहमीची आडवी शेपटी नव्हती. एकामागे एक असे दोन पंख होते. दांडा ओढला की पुढचा पंख बिजागरीवर फिरे, त्याची उचल वाढे आणि नाक वर येई. निदान तशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९३५-३६ मध्ये काही विमाने सूर मारून थेट जमिनीवर आदळली आणि वैमानिक दगावले.

अखेर ब्रिटनमध्ये फार्नबरो व फ्रान्समध्ये शाले-मदाँ येथे पूर्ण आकाराचे विमान वातबोगद्यात तपासण्यात आले. दोष दोन पंखांमधील अरुंद फटीत निघाला. नाक बरेच खाली असताना पुढच्या पंखाचा कोन वाढवला, की फटीतून वेगाने निघालेली हवा मागच्या पंखाचीही उचल वाढवी. शेपटीकडून उचलले जाणारे विमान नाक वर करणार कसे? वैमानिक जिवाच्या आकांताने दांडा ओढत राही आणि सूर मात्र कायम!

नेहमीच्या शेपटीच्या घरगुती विमानात घात करतो तो बहुधा मागे सरकलेला गुरुत्वमध्य. अशा वेळी ट्रिमची पट्टी बसवून हातावरचा भार हलका होतो, दोष जात नाही. बॅटरी इंजिनाकडे हलवणे किंवा नाकात शिसे बसवणे, हाच खरा इलाज. तोही बेताने, कारण नाक फार जड झाले तर उतरताना ते वर उचलण्याइतकी ताकद शेपटीत उरत नाही. त्यासाठी तिन्ही चाके काट्यांवर ठेवून विमान तोलतात. इंधनाची टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यास गणित भरल्या टाकीचे आणि रिकाम्या टाकीचे असे दोनदा करावे लागते, कारण इंधन संपत जाते तसा मध्य मागे सरकतो.