गायनपार्टीचे कान कोण जपणार?

एप्रिल जवळ आला की म्हसळा तालुक्यातल्या बौद्धवाड्यांमध्ये तालमींना जोर चढतो. १४ एप्रिलची जयंती, पाठोपाठ बुद्धपौर्णिमा, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि त्यातच लग्नसराई. गायनपार्टीला दोन महिने उसंत नसते. आज बुद्ध-भीमगीतांचा मुकाबला, उद्या बँजो, परवा मिरवणुकीपुढची गाडी. मध्यरात्री टेम्पोत बसून परतणाऱ्या पोरांना विचारून बघा. कानात कुंईऽऽ असा आवाज चालू असतो, शेजारच्याचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. ‘सकाळपर्यंत जातं’ म्हणून कुणी त्याकडे लक्ष देत नाही.

त्या कुंईबद्दलच या वेळी बोलायचं आहे. कार्यक्रम बंद करा, असं आम्ही सांगणार नाही. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता, तेव्हा खेड्यात लाऊडस्पीकर नव्हता. वामनदादा कर्डकांनी तर सगळा जन्म गाण्यातून बाबासाहेबांचा विचार पोचवण्यात घालवला. आपल्याकडे अक्षर पोचायच्या आधी गाणं पोचलं. म्हणूनच ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कान साठीपर्यंत शाबूत राहिले पाहिजेत, एवढंच आमचं म्हणणं आहे.

कानाच्या आत काय होतं

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची लाट आली की त्या डुलतात आणि मेंदूकडे निरोप धाडतात. भाताच्या खाचराचंच उदाहरण घ्या. वारा आला की भात वाकतं, वारा थांबला की उभं राहतं. पण रोज वादळ आलं तर मुळं सुटतात आणि पीक कायमचं आडवं होतं. केसपेशींचं तसंच आहे. फरक एवढाच की शेतात पुढच्या मिरगाला पुन्हा पेरता येतं, कानात येत नाही. माणसाची मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

कार्यक्रमानंतरची कुंई म्हणजे वाकलेलं भात. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत कान सावरतो. मात्र दर आठवड्याला तेच झालं तर नुकसान साचत जातं. आधी जातो तो बारीक, टोकदार आवाज. म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ठ’ ही अक्षरं अस्पष्ट होतात. अशा माणसाला ऐकू येतं पण समजत नाही. ‘सात’ म्हटलं की ‘साठ’ वाटतं. घरी टीव्हीचा आवाज वाढतो, बायको-मुलांना ‘काय? काय?’ असं विचारणं सुरू होतं. दुखत काहीच नाही, म्हणून दवाखान्यात कुणी जात नाही.

किती आवाज, किती वेळ

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधं बोलणं सुमारे ६० डेसिबलचं. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जगभर वापरला जाणारा एक हिशेब असा आहे:

८५ डेसिबल : दिवसाला ८ तास
८८ डेसिबल : ४ तास
९१ डेसिबल : २ तास
९४ डेसिबल : १ तास
९७ डेसिबल : अर्धा तास
१०० डेसिबल : १५ मिनिटं

दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते, हे ध्यानात ठेवा. मोठ्या स्पीकरच्या भिंतीजवळ १०० डेसिबल सहज ओलांडले जातात, आणि आपला मुकाबला चालतो तीन-चार तास. मोबाइलवर डेसिबल दाखवणारी फुकट ॲप मिळतात. ती अगदी अचूक नसतात, पण अंदाज देतात. मोबाइल नसेल तर सोपी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५च्या पुढे गेलेला आहे.

वॅट वाढवून काय मिळतं

‘त्यांनी दोन हजार वॅट आणलेत, आपण चार हजार आणू.’ मंडळाच्या बैठकीत हे वाक्य हमखास येतं. आता हिशेब बघा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ऐकणाऱ्याला तो फरक जेमतेम कळतो. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात. म्हणजे वर्गणीतले पैसे दुप्पट गेले, लोकांना फारसं काही जास्त मिळालं नाही, आणि वाजवणाऱ्याच्या कानाची सुरक्षित वेळ मात्र निम्मी झाली.

याउलट जागा नीट निवडली तर फुकटात फरक पडतो. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून साऊंडवाल्याला पुढच्या गोष्टी आधीच सांगून ठेवा:

१. मोठे बॉक्स गायकांच्या मागे किंवा बाजूला लावू नका. ते स्टेजच्या पुढे, दोन्ही कडांना असू द्या. गायकाचा माईक बॉक्सच्या पाठीमागे राहिला की शिट्टीही कमी होते. ती शिट्टी कानाला फार घातक असते.

२. बॉक्स स्टँडवर चढवा. त्यातला भोंगा बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून गेला पाहिजे. जमिनीवर ठेवलेला बॉक्स पुढे बसलेल्या पोरांच्या थेट कानात वाजतो. पुढची रांग मागे सरकवा आणि बॉक्ससमोर दोरी बांधा.

३. मैदान लांब असेल तर पुढचा आवाज वाढवण्यापेक्षा मध्ये दोन लहान बॉक्स लावा. मागच्या आजीला शब्द कळतात आणि पुढच्या नातवाचे कान वाचतात.

४. पत्र्याच्या समाजमंदिरात मैदानाचा सेट लावू नका. पत्रा आणि भिंती आवाज परत फेकतात. शब्द घुमतात, कळत नाहीत, मग अजून वाढवायला सांगितलं जातं.

स्टेजवरची चढाओढ

गायक म्हणतो, ‘मला माझाच आवाज येत नाही, वाढव.’ त्याचा वाढला की बँजोवाला वाढवतो. ऑक्टोपॅड चढतो, ढोलकीवाला बिचारा हात दुखेपर्यंत मारतो. पुन्हा गायकाला आवाज येत नाही. तासाभरात सगळे टोकाला पोचलेले असतात आणि गळाही बसतो.

यावर उपाय मॉनिटरचा. गायकाच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक लहान बॉक्स ठेवायचा आणि त्यात मुख्यतः त्याचाच आवाज सोडायचा. जवळ असल्यामुळे तो थोडक्या आवाजात ऐकू येतो. माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरला तर तो वाढवावाही लागत नाही. कीबोर्ड आणि बँजोचा बॉक्स ढोलकीवाल्याच्या कानाशेजारी ठेवू नये. जो वाजवतो त्याच्याकडे तिरपा करून ठेवावा. काही पोरं आता मॉनिटरऐवजी कानात इअरफोन घालतात. त्यांनी दोन्ही कानांत घालावेत. एकच घातला तर मोकळ्या कानातल्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेला जातो.

मुकाबल्यात आणखी एक सोय आहे. एक पार्टी गात असते तेव्हा दुसरी स्टेजवरच बसून राहते. तिने तेवढा वेळ खाली उतरून लांब, बॉक्सच्या मागच्या बाजूला बसावं. जबाब तिथूनही ऐकू येतो आणि कानाला विसावा मिळतो.

तालीम विसरू नका. कार्यक्रम एका रात्रीचा, तालीम महिनाभराची. ती बहुतेक एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत होते. तिथे चाल आणि शब्द बसवायचे असतात, त्यासाठी ॲम्प्लिफायरची गरज नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भिंतीला गोधड्या टांगा, दर तासाला दहा मिनिटं बाहेर या.

कानात काय घालावं

कापसाच्या बोळ्याने आवाज अगदी थोडा अडतो, त्यावर विसंबू नका. फोमचे इअरप्लग स्वस्त असतात. कारखान्याच्या सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतात, ऑनलाइनही मिळतात. घालायची पद्धत महत्त्वाची. स्वच्छ हाताने प्लग बारीक वळवा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसता तोंडाशी अडकवला तर उपयोग नाही.

ढोलकीवाले तक्रार करतात की फोम घातला की चाटीचा आवाज बोथट होतो. ते खरं आहे, कारण फोम बारीक आवाज जास्त अडवतो. त्यासाठी वादकांचे वेगळे इअरप्लग येतात. त्यात लहानसा फिल्टर असतो. तो सगळे सूर जवळपास सारख्याच प्रमाणात, १५ ते २० डेसिबलने उतरवतो. चाल तीच ऐकू येते, फक्त हळू. ते फोमपेक्षा महाग असतात, पण सिलिकॉनचे असल्याने धुऊन बराच काळ वापरता येतात. प्रत्येकाचा जोड वेगळा हवा. कान वाहत असेल तर काहीही घालू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांच्या कानात प्लग कोंबू नये. त्यांना बाहेरून झाकणारे इअरमफ घालावेत, आणि तान्ह्या बाळाला स्पीकरजवळ आणूच नये.

दवाखान्यात कधी जायचं

कानातली कुंई दोन दिवसांत गेली नाही, गर्दीत बोलणं समजेनासं झालं, किंवा नेहमीचा आवाज अचानक टोचू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईतल्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत जाता येतं. ऑडिओमेट्री नावाची तपासणी सांगा. ती दुखत नाही. नियमित वाजवणाऱ्यांनी वर्षातून एकदा ती करून कागद जपून ठेवावा.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची बाब आहे. ‘मळ असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी निघा. औषध पहिल्या काही दिवसांतच चांगलं लागू पडतं. कानात गरम तेल, लसूण, काडी, पिन काहीही घालू नका. टीबीवर ॲमिकासिनसारखी इंजेक्शनं घेतलेल्यांचे कान आधीच नाजूक झालेले असू शकतात. त्यांनी मोठ्या आवाजापासून जास्त जपावं.

कायमचं कमी ऐकू येत असेल तर लाज बाळगू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णदोष मोडतो. ठरलेल्या प्रमाणात दोष आढळला तर प्रमाणपत्र मिळतं. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि श्रवणयंत्राची माहिती मिळते.

कलाकार हाही कामगार

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातलं मजूर खातं होतं. त्यांच्या काळात कारखान्याच्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराचं शरीर मालकाच्या नफ्यासाठी झिजू नये, हा त्यामागचा विचार होता. आज कारखान्यात गोंगाटाने बहिरेपण आलं तर भरपाईच्या कायद्यात त्याची नोंद आहे. रोजंदारीवर ढोलकी वाजवणाऱ्याला कोण विचारतं? लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये व्हायोला वाजवणारे ख्रिस्तोफर गोल्डशाइडर यांच्या कानाला २०१२ साली सरावात इजा झाली. त्यांची खुर्ची तुताऱ्यांच्या पुढ्यात होती. ते न्यायालयात गेले. संगीतसंस्थेलाही वादकाचे कान जपावेच लागतील, असा निकाल २०१८ साली लागला. आपल्या पार्टीचा मालक म्हणजे आपणच, आपलं मंडळ. मग जबाबदारीही आपलीच.

‘आमच्याच जयंतीला डेसिबल आठवतो का?’

हा प्रश्न वाडीवाडीत विचारला जातो आणि तो वाजवी आहे. नियम सगळ्यांना सारखा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. आपल्या जिल्ह्यात ती कोणत्या दिवशी आहे, हे परवानगी काढतानाच विचारून घ्या. कुणी फक्त आपल्यालाच अडवत असेल तर नियमाचा कागद हातात घेऊन भांडा, आम्ही सोबत असू. पण पोलीस कुणाला अडवतात यावर आपल्या पोराच्या कानातल्या पेशी ठरत नाहीत. त्या सगळ्यांच्या सारख्याच मरतात.

सोण भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. तो पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेचा दाखला देऊन विचारलं होतं, की तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती नीट वाजते का. वादकाला मध्यम मार्ग चटकन कळतो, कारण तो त्याच्या बोटांना ठाऊक असतो. मिक्सरच्या बटणावरही तोच लावायचा आहे.

जयंतीच्या पहिल्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. साऊंडवाल्याशी बोलायला एक माणूस, बॉक्ससमोरची दोरी धरायला दोन स्वयंसेवक, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाला इअरप्लगचा एक जोड. हार, फटाके आणि मंडपाच्या खर्चात तो सहज बसतो. यंदाच्या जमाखर्चाच्या वहीत तेवढी एक ओळ वाढू द्या.

जय भीम!