आफ्रिकेचे हवामान-विभाग आणि नाशिकचा विद्यार्थी

इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत आफ्रिका खंड शिकवावयाचा म्हणजे भिंतीवर रंगीत नकाशा टांगावयाचा, विषुववृत्तावरील गर्द हिरव्या पट्ट्यापासून उत्तरेस व दक्षिणेस गवताळ प्रदेश, वाळवंट, भूमध्यसागरी प्रदेश अशी क्रमवार नावे सांगावयाची आणि ती मुलांकडून वदवून घ्यावयाची, ही रीत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. हर्बर्टसन यांनी १९०५ साली नैसर्गिक प्रदेशांची मांडणी केली ती पृथ्वीवरील दूरदूरच्या भागांतील साम्याचा विचार करता यावा म्हणून. शालेय पुस्तकांत उतरता उतरता तिची केवळ नामावली झाली. सुदान प्रकारच्या हवामानाची वैशिष्ट्ये बिनचूक लिहिणाऱ्या मुलास ‘तेथे पाऊस उन्हाळ्यातच का पडतो?’ असे विचारले की तो गप्प बसतो. दोष मुलाचा नव्हे. त्याला कारणापर्यंत कोणी नेलेलेच नसते.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे सूत्र प्रत्येक शिक्षकास पाठ असते. नाशिक जिल्ह्यात त्याचा अवलंब करण्यास विलक्षण सोय आहे. परंतु त्या सोयीतच एक फसगत दडलेली आहे, व प्रस्तुत लेखात मुख्यतः तिचा विचार करावयाचा आहे.

सोय कोणती ते प्रथम पाहू. कसारा घाट चढून आगगाडी इगतपुरीस येते तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सुमारे ५० किलोमीटरांवरील नाशिकरोडपर्यंत येताना तो सातशेच्या घरात उतरतो, आणि त्याहीपुढे मनमाड, नांदगाव, मालेगाव या टापूत पाचशे-साडेपाचशेवर येऊन ठेपतो. भाताची खाचरे आणि नागली-वरईचे डोंगरउतार मागे पडतात, निफाडच्या द्राक्षबागा व लासलगावचा कांदा लागतो, आणि शेवटी बाजरीचे माळ सुरू होतात. या संपूर्ण प्रवासात जमिनीवर कोठेही रेघ ओढलेली दिसत नाही. नकाशावरील विभागांच्या सीमा माणसाने सोयीसाठी आखलेल्या असतात, प्रत्यक्षात एक हवामान दुसऱ्यात हळूहळू विरत जाते, ही गोष्ट नाशिकच्या मुलास दहा मिनिटांत पटते. पर्जन्याबरोबर पीक बदलते, हेही त्याला निराळे सांगावे लागत नाही.

आता फसगत. इगतपुरीपासून नांदगावपर्यंतचा हा क्रम गिनीच्या आखातापासून सहारापर्यंतच्या क्रमासारखा दिसतो. म्हणून शिक्षक सहज म्हणून जातो की तेथेही असेच घडते. तसे घडत नाही. आपल्याकडील ऱ्हास सह्याद्रीने घडविलेला आहे. नैर्ऋत्येकडून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगर चढताना रिते होतात आणि पूर्वेस पर्जन्यछाया पडते. पश्चिम आफ्रिकेत मात्र समुद्राकाठच्या लागोसपासून सहाराच्या कडेवरील अगादेझपर्यंत, म्हणजे अकराशेहून अधिक किलोमीटरांत, पाऊस सुमारे दीड हजार मिलिमीटरांवरून दीडशेच्या आसपास येतो, आणि वाटेत सह्याद्रीसारखी भिंत नाही. तेथील पर्जन्याचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेस सरकतो व परत फिरतो. जो प्रदेश दक्षिणेकडे असेल तेथे तो अधिक काळ रेंगाळतो. उत्तरेकडे तो जेमतेम पोहोचतो. पन्नास किलोमीटरांत पाऊस पाव हिश्श्यावर आला तर डोंगर शोधावा, हजार किलोमीटरांत संथपणे घटला तर सूर्याकडे पाहावे, एवढा विवेक सातवीच्या मुलास निश्चित करता येतो. आलेख काढून तो स्वतःच या निष्कर्षास आला तर अधिक उत्तम.

सूर्याचे हे सरकणे दाखविण्यास शाळेच्या आवारात रोवलेली सरळ काठी पुरेशी आहे. नाशिक २० उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या २० तारखेच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास, साडेबाराच्या आसपास, काठीची सावली तिच्या बुडाशी लुप्त होते. (मे महिन्यात शाळेस सुटी, जुलैत आभाळ भरलेले, तेव्हा मोजमाप मार्चपासून सुरू करून सावली आखूड होत जाताना तरी दाखवावी.) यातूनच एक उत्तम प्रश्न निघतो. हेच अक्षवृत्त आफ्रिकेत मॉरिटानियापासून सुदानपर्यंत बहुतेक वाळवंटातून जाते. सूर्य दोन्हीकडे सारखाच माथ्यावर येतो. मग येथे आषाढ आणि तेथे वाळू, असे का? दक्षिणेस पसरलेला महासागर आणि उत्तरेस तापलेला विशाल आशियाई भूभाग यांमुळे आपल्याकडे पर्जन्यपट्टा फार उत्तरेपर्यंत खेचला जातो. आफ्रिकेत तो १५ ते १८ अंशांच्या पलीकडे फारसा जात नाही, व त्यापुढे खाली उतरणारी कोरडी हवा ढगांना वाढू देत नाही.

वार्षिक सरासरीचा मोहही आवरला पाहिजे. मालेगाव, नायजरची राजधानी नियामे आणि दक्षिणेचे केपटाऊन या तिन्ही ठिकाणी वर्षाचा पाऊस ढोबळ मानाने पाचशे मिलिमीटरांच्या आगेमागे आहे. पण केपटाऊनला तो मुख्यतः मे ते ऑगस्ट या काळात, म्हणजे तेथील हिवाळ्यात पडतो. निफाडच्या मुलास हा भेद द्राक्षावरून समजावा. केपच्या परिसरात वेल ओल्या हिवाळ्यात विसावतो आणि कोरड्या उन्हाळ्यात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, त्याची फळे पिकतात. आपल्याकडे उन्हाळ्यामागून पाऊस येतो; म्हणून बागाईतदार एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून फळ कोरड्या ऋतूत आणतो. केपमध्ये जे हवामान करते ते येथे कात्रीने करावे लागते. ‘भूमध्यसागरी हवामान’ या शब्दाचा एवढा स्पष्ट अर्थ पाठ्यपुस्तकातील व्याख्येतून क्वचितच कळतो.

पिकांचा आणखी एक धागा शिक्षकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. नागली ही मूळची इथिओपिया व युगांडाच्या उंच प्रदेशातील, तर बाजरी सहाराच्या दक्षिण कडेवरील साहेल पट्ट्यातील. दोन्ही हजारो वर्षांपूर्वी भारतात आल्या. येथे नागलीने पेठ-सुरगाण्याचे ओले डोंगरउतार धरले, बाजरीने येवला-नांदगावचे कोरडे माळ. दोन्हींची कणसे टेबलावर ठेवून आणि आफ्रिकेतील पाच-सहा ठिकाणांच्या मासिक पर्जन्याचे तक्ते नावे झाकून मुलांपुढे मांडावेत. कोणते कणीस कोणत्या तक्त्याशेजारी ठेवावयाचे, ते त्यांनी ठरवावे. आणि नकाशा त्यानंतर उघडावा.