जुन्या जीपला नवं सीआरडीआय इंजिन: बसवणं सोपं, चालू करणं अवघड, का ते समजून घ्या

गावाकडं अजूनही बऱ्याच शेडमध्ये जुनी जीप उभी दिसते. पत्रा जाड, चेसिस धडधाकट, पण इंजिन बसलेलं. मूळ पार्ट मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव ऐकून घाम फुटतो. मग कुणीतरी सुचवतं, भंगारात एमहॉकचं इंजिन आलंय, टाकून द्या. फाउंडेशन वेल्डिंग होतात, क्लच हाऊजिंगची प्लेट लेथवर बनते, इंजिन जागेवर बसतं. चावी फिरवली की स्टार्टर गरगर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. लाख-दीड लाख घालून गाडी गॅरेजच्या मागं पडून राहते ती इथंच.

जुन्या डिझेलला डोकं नव्हतं, पंप होता. एमएम ५४० मधलं २११२ सीसीचं प्यूजो इंजिन घ्या. पंप गिअरवर फिरतो, किती डिझेल सोडायचं ते पंपच ठरवतो, अॅक्सिलेटरची जोडणीही थेट पंपाला. करंट लागतो तो हीटर प्लग आणि स्टार्टरपुरता. उतारावर ढकलली तरी गाडी चालू.

सीआरडीआयमध्ये हाय प्रेशर पंप फक्त दाब तयार करतो. तो दाब एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठतो आणि १६०० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरात साधारण २ बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. त्या रेलमधून कोणता इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे ईसीएम नावाचा डबा ठरवतो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. ईसीएमनं हुकूम दिला नाही तर डिझेलचा थेंबही आत जात नाही, कितीही स्टार्टर मारा.

हुकूम देण्याआधी ईसीएमला बरीच माहिती लागते. क्रँक आणि कॅम सेन्सर जुळले का, रेलमध्ये दाब आला का, पाणी किती गरम, हवा किती, पॅडल किती दाबलं. आणि सगळ्यात आधी चावी आपलीच आहे ना. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये चिप असते, तिचा कोड इमोबिलायझरशी जुळला तरच पुढचं काम. भंगारातून इंजिन येतं आणि चावी येत नाही, म्हणून निम्म्या गाड्या इथंच अडतात.

ईसीएमला आपण दुसऱ्या गाडीत आलोय हे कळत नाही. तो जुन्याच गाडीचा मीटर, एबीएस, गाडीचा वेग, क्लच आणि ब्रेकचे स्विच शोधत बसतो. जीपमध्ये यातलं बरंचसं नसतं. मग लाइट लागते आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे रेस दाबली तरी ठरावीक आरपीएमच्या वर चढत नाही.

प्रोग्रामिंग म्हणजे या ईसीएममधली फाइल लॅपटॉपवर काढणं, बदलणं आणि परत भरणं. काही ईसीएम स्कॅनरच्या सॉकेटमधून वाचता येतात, काही टेबलावर उघडाव्या लागतात. चांगला माणूस आधी मूळ फाइलची कॉपी ठेवतो आणि एक प्रत मालकालाही देतो. ती मागून घ्या. फाइल बिघडली तर तीच उपयोगी पडते.

फाइलमध्ये इमोबिलायझरची अट, नसलेल्या सेन्सरची तपासणी, आयडल आरपीएम, टॉर्कची मर्यादा हे बदलता येतं. तुटलेला सेन्सर किंवा गळका इंजेक्टर लॅपटॉपनं दुरुस्त होत नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोडही असतो. इंजेक्टर बदलला किंवा त्यांची अदलाबदल झाली तर तो कोड स्कॅनरनं त्याच सिलिंडरच्या नावावर भरावा लागतो, नाहीतर इंजिन थरथरतं आणि धूर काढतं.

त्यामुळं नुसतं इंजिन उचलू नये. ईसीएम, पूर्ण वायरिंग, चावी, इमोबिलायझर, मीटर आणि अॅक्सिलेटर पॅडल एकाच गाडीचं घेतलं तर प्रोग्रामिंगचं काम निम्म्यावर येतं. भंगारवाले वायरिंग कापून तांब्याच्या भावानं विकतात, म्हणून गाडी उभी असतानाच सौदा केलेला बरा. बीएस-६ इंजिनला डीपीएफ आणि जास्तीचे सेन्सर असतात, ती डोकेदुखी वेगळीच.

टॉर्कचा मुद्दा गॅरेजमध्ये कुणी काढत नाही. जुनं प्यूजो ६२ बीएचपीचं, तर २१७९ सीसीचं एमहॉक १२० बीएचपीचं आणि टॉर्क दुपटीहून जास्त. जुना गिअर बॉक्स आणि एक्सल त्या हिशोबानं बनलेले नाहीत. चिखलात पहिल्या गिअरला रेस दाबली की एक्सल शाफ्ट तुटू शकतो. जुनाच गिअर बॉक्स ठेवायचा असेल तर फाइलमध्ये टॉर्क कमी करून घ्या. इथं मात्र उलटं चालतं, पॉवर वाढवून देतो म्हणणारेच जास्त भेटतात. ब्रेकही जुनेच असतात, हे ते सांगत नाहीत.

जुन्या टाकीतला गंज आणि पाणी या इंजेक्टरांना अजिबात चालत नाही. टाकी नवी किंवा आतून पूर्ण साफ हवी, पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि रिटर्न लाइन हवी. चेसिसवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचा सॉकेट काढून ठेवा. इंजिन ते चेसिस अर्थिंगची जाड पट्टी विसरली तर सेन्सर उगाच चुकीचं सांगत राहतात.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीनं मूळ ठरवलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. २११२ सीसीच्या आरसीवर २१७९ सीसीचं इंजिन म्हणजे सरळ तफावत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा क्लेमही याच मुद्द्यावर अडकतो. म्हणून इंजिनाला हात लावायच्या आधी आरटीओकडं लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या. ‘एजंट बघून घेईल’ यावर दीड लाख लावू नयेत.

जीप ५० वर्षांपुढची असेल तर आणखी एक विचार करा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांत अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी, इंजिन, चेसिस आणि बॉडीत मोठा बदल नको. नवं इंजिन टाकलं की तो रस्ता बंद. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही हेही खरं, पण जुनी विलीज मूळ इंजिनासह असेल तर ते इंजिन भंगारात घालायची घाई नको.

भंगारवाल्याकडून पक्कं बिल घ्या. त्यावर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून काढलं तिचा चेसिस नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिनही याच बाजारात येतं आणि इमोबिलायझर काढलेला ईसीएम पाहून पोलिसांचा पहिला प्रश्न तोच असतो.