गाळ्याला मालकाचं कुलूप, आत जुनी फियाट. कायदा काय सांगतो?

समजा, तळोज्यात गाळा भाड्याने घेऊन त्यात १९६०च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ठेवलीय. एक दिवस गाळ्याला वेगळंच कुलूप. मालक म्हणतो, 'आधी थकलेलं भाडं, मग गाडी.' असं करता येतं का?

नाही. भाडं थकलं तर मालकाने कोर्टात जायचं असतं. 'कृष्ण राम महाळे विरुद्ध शोभा वेंकट राव' खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये हेच सांगितलं. हक्क संपला असला, तरी ताबा असलेल्याला कायदेशीर मार्गानेच बाहेर काढता येतं.

भाडेकरूचं मुख्य हत्यार म्हणजे १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम ६. ताबा गेल्यापासून ६ महिन्यांत दावा लावायचा. गाळा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्यात गौण ठरतो. मुदत मात्र कडक आहे. 'बोलणी चालू आहेत' म्हणत बरेच जण तीच घालवतात.

गाडीसाठी याच कायद्याचं कलम ८ आहे. पैशाने पुरेशी भरपाई होणार नसेल, तर कोर्ट ती वस्तूच परत करायला लावू शकतं. जुन्या फियाटबद्दल 'दुसरी घ्या' म्हणणं तसंही हास्यास्पद. थकलेलं भाडं यातून माफ होत नाही.

करार नोंदवलेला नसेल तर? भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

भाडं भरल्याचे पुरावे आणि गाडीचे फोटो जपा. आरसी नेमकी गाडीच्याच कप्प्यात अडकली असेल, तर नोंदणी झालेल्या आरटीओत दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. कुलूप मात्र तोडू नका. उलट तक्रार तुमच्यावरच होऊ शकते.